कुमारी अग्नेस पॉकेल्स

शास्त्रीय शोध म्हटला कीं भव्य प्रयोगशाळा, मोलाचीं उपकरणें आणि मोठमोठ्या पदव्या धारण करणारे पंडित यांचेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र अगदींच खोटें आहे असें नाहीं. परंतु पदार्थविज्ञानाच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, त्यांत प्रयोगशाळा म्हणजे राहतें घर, मुख्य उपकरण म्हणजे पत्र्याचें एक लांबट उथळ पात्र, आणि संशोधक म्हणजे विश्वविद्यालयाची पायरीहि न चढलेली, आजारी आईबापांची शुश्रूषा करणारी एक तरुण मुलगी. तिचें नांव अग्नेस पॉकेल्स. पृष्ठभागांच्या शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या सर्व विद्वानांस हें नांव आज परिचित आहे. परंतु शाळेंतील क्रमिक पुस्तकांत तें क्वचितच आढळतें. म्हणून त्या बाईंचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम त्यांच्या संशोधनाचा विषय थोडक्यांत समजून घेऊं. अळवाच्या पानावर पडलेला पाण्याचा थेंब पसरत नाहीं. तो मोत्यासारखा गोल राहतो. पोलाद पाण्याहून सात-आठ पट जड. तथापि बारीक सुई अलगद आडवी ठेविली तर ती पाण्यावर राहूं शकते. ओढ्याच्या संथ डोहावर लांब पायांचे किडे पाय न बुडवितां इकडून तिकडे धांवतात. ह्या सर्वांचें कारण एकच आहे. पाण्याचे रेणु एकमेकांस ओढीत असतात. आंतील रेणूस ही ओढ सर्व बाजूंनीं सारखीच असते. परंतु अगदीं वरच्या थरांतील रेणूस वरून ओढणारें बहुतेक कोणीच नसतें. त्यामुळें पाण्याचा पृष्ठभाग शक्य तितका आकुंचित होऊं पाहतो व ताणून बसविलेल्या पडद्याप्रमाणें वागतो. ह्या ओढीस पृष्ठताण असें म्हणतात.

हा ताण तेलानें किंवा साबणानें कमी होतो. त्याची प्रचीति घरच्या घरीं पाहतां येते. स्वच्छ घांसलेल्या परातींत स्वच्छ पाणी घेऊन त्यावर कापराचा बारीकसा कण टाकावा. तो लगेच भिरभिर नाचूं लागतो. कारण कापूर ज्या बाजूस अधिक विरघळतो त्या बाजूचा ताण कमी होतो आणि दुसऱ्या बाजूचें पाणी त्यास आपल्याकडे ओढून नेतें. आतां त्याच पाण्यास तेलकट बोटाचा नुसता स्पर्श करावा. कापराचें नृत्य तत्काळ थांबतें. डोळ्यांस न दिसणारा तेलाचा थर सर्वत्र पसरून सगळ्याच बाजूंचा ताण उतरलेला असतो.

तेल पाण्यावर किती पातळ पसरतें, हें बेंजामिन फ्रँकलिन यांनीं 1774 सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत नमूद केलें होतें. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यांत त्यांनीं लहान चमचाभर तेल ओतलें, तेव्हां सुमारें अर्ध्या एकराचें पाणी आरशासारखें संथ झालें. परंतु पुढें शंभर वर्षें लोटलीं तरी अमुक इतक्या तेलानें अमुक इतक्या पृष्ठभागाचा ताण किती उतरतो, हें नीट मोजण्याची रीति कोणास सांपडली नव्हती. एवढेंच काय, नुसत्या पाण्याचा पृष्ठताण मोजणाऱ्या विद्वानांचे आंकडेहि एकमेकांशीं जुळत नसत. हें कोडें ज्या मुलीनें सोडविलें तिच्या चरित्राकडे आतां वळूं.

अग्नेस पॉकेल्स हिचा जन्म 14 फेब्रुवारी 1862 रोजीं व्हेनिस शहरीं झाला. तें शहर त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होतें व तिचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यांत अधिकारी होते. हिवतापानें प्रकृति खालावल्यामुळें त्यांस सैन्यांतील नोकरी सोडावी लागली आणि 1871 सालीं हें कुटुंब उत्तर जर्मनींतील ब्राउनश्वाइग ह्या गांवीं येऊन राहिलें. तेथील मुलींच्या नगरशाळेंत अग्नेसचें शिक्षण झालें. सृष्टिशास्त्रांची, त्यांतहि पदार्थविज्ञानाची, तिला विलक्षण गोडी लागली होती. परंतु शाळा संपली आणि पुढचा मार्गहि तेथेंच संपला. त्या काळीं जर्मनींतील विश्वविद्यालयांत स्त्रियांस प्रवेश नव्हता. पुढें जेव्हां हीं दारें किलकिलीं होऊं लागलीं, तेव्हां तिनें तिकडे जाऊं नये अशी आईबापांनींच इच्छा दर्शविली व तिनें ती मानली. प्रशियाच्या विश्वविद्यालयांनीं स्त्रियांस रीतसर प्रवेश दिला तो 1908 सालीं. तोंवर अग्नेसबाईंचें वय शेचाळीस वर्षांचें झालें होतें.

त्यांचा धाकटा भाऊ फ्रीड्रिख हा त्यांच्याहून तीन वर्षांनीं लहान. तो मुलगा असल्यामुळें त्यास ग्योटिंगेन येथील विश्वविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकतां आलें. पुढें तो स्वतःहि नामांकित शास्त्रज्ञ झाला. विद्युत्शक्तीच्या योगानें स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशावर जो एक परिणाम होतो, त्यास आजहि त्याचेंच नांव आहे. ह्या भावाचें आपल्या बहिणीवर मोठें प्रेम होतें. तो आपलीं पुस्तकें तिला आणून देई, नवीन संशोधनाची वार्ता कळवी. अशा रीतीनें अग्नेसबाईंनीं घरीं बसून, गुरूवांचून, पदार्थविज्ञान व गणित यांचा अभ्यास केला.

घरांत आईवडील दोघेंहि सदोदित आजारी. त्यांची सेवा, स्वयंपाकपाणी, भांडींकुंडीं हीं सर्व कामें अग्नेसबाईंकडे आलीं. परंतु त्यांनीं कामाचा कंटाळा केला नाहीं, तसे काम करितांना डोळेहि मिटले नाहींत. घरच्या नातलगांनीं जपलेल्या आठवणींत असें सांगितलें आहे कीं, रोजच्या धुण्या-विसळण्यांतच त्यांस पाण्यावरील तेलकट तवंगाच्या वागणुकीचें नवल वाटूं लागलें. खरकटें पाणी प्रत्येक घरांत असतें. तें पाहतों आपण सर्वच. पाहून विचारांत पडणारा मात्र हजारांत एखादा असतो.

वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे 1882 सालाच्या आसपास, अग्नेसबाईंनीं आपलें उपकरण तयार केलें. त्याची रचना इतकी साधी आहे कीं, आमच्या वाचकांपैकीं कोणासहि ती समजावी. पत्र्याचें एक चौकोनी पात्र. लांबी 70 सेंटिमीटर, रुंदी 5 सेंटिमीटर, उंची 2 सेंटिमीटर. तें पाण्यानें कांठोकांठ भरावयाचें. त्यावर सुमारें दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवावयाची. ती अशी कीं, तिचा खालचा भाग पाण्यास टेकावा व पाण्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग व्हावेत. पट्टी उजवीकडे अथवा डावीकडे सरकविली कीं एका बाजूचा पृष्ठभाग लहान होतो व दुसऱ्या बाजूचा मोठा होतो. किती सरकली हें कडेच्या मोजपट्टीवर वाचतां येतें. ताण मोजण्यासाठीं त्यांनीं एक हलका तराजू केला होता. त्यास 6 मिलिमीटर व्यासाची एक लहानशी चकती टांगून ती पाण्यास टेकवावयाची आणि ती पाण्यापासून सुटण्यास किती वजन लागतें तें पाहावयाचें. जितका ताण अधिक, तितकें वजन अधिक.

ह्या सरकत्या पट्टीनें दोन कामें साधलीं. पहिलें काम स्वच्छतेचें. केरसुणीनें अंगण झाडावें त्याप्रमाणें ह्या पट्टीनें पाण्याचा पृष्ठभाग झाडून घेतां येतो. वरील अदृश्य मळ पट्टीपुढें एका टोंकास लोटला जातो आणि मागें निर्मळ पृष्ठभाग उरतो. पूर्वीच्या विद्वानांचे आंकडे कां जुळत नसत, याचा उलगडा येथें झाला. ते पाण्याचा ताण मोजीत आहों असें समजत. प्रत्यक्षांत पाण्यावरील मळाचा परिणाम त्यांच्या आंकड्यांत मिसळत असे. हवेंतील धूळ, बोटांचा तेलकटपणा, पात्राच्या कडेचा अंश, कशाचाहि स्पर्श पृष्ठभागास पुरे होतो, हें अग्नेसबाईंनीं नाना प्रयोगांनीं दाखविलें.

दुसरें काम मापाचें. तवंग असलेला पृष्ठभाग हळूहळू आंवळीत गेलें असतां काय होतें, हें आतां पाहतां येऊं लागलें. त्यांत त्यांस एक मोठी गोष्ट आढळली. पृष्ठभाग प्रशस्त असेपर्यंत तो थोडाबहुत आंवळला तरी ताणांत कांहींच फरक पडत नाहीं. जणूं पाणी निर्मळच आहे. परंतु आंवळतां आंवळतां एक ठराविक मर्यादा येते व त्या क्षणापासून ताण झपाट्यानें उतरूं लागतो. म्हणजे पृष्ठभागाच्या दोन स्थिति आहेत, एक साधी व दुसरी निराळी. आणि त्यांमधील सीमा अगदीं स्पष्ट आहे. ह्या सीमेस पुढें पॉकेल्स बिंदु असें नांव मिळालें. तिचा अर्थ असा कीं, मोकळ्या मैदानांत विखुरलेलीं माणसें एकमेकांस अडत नाहींत. परंतु मैदान आखडत गेलें तर एक वेळ अशी येते कीं खांद्यास खांदा भिडतो. तेलाच्या रेणूंचा खांद्यास खांदा भिडण्याची ती वेळ होय.

एवढें काम होऊन वर्षांमागून वर्षें गेलीं, तरी तें अग्नेसबाईंच्या वह्यांतच राहिलें. त्यांस पदवी नव्हती, मानाचें स्थान नव्हतें. शास्त्रीय मासिकांचीं दारें ठोठावण्याचा अधिकार आपणांस आहे असें त्यांस वाटत नव्हतें. अशांत त्यांच्या वाचनांत इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांच्या प्रयोगांची हकीकत आली. रॅले हे त्या काळच्या अग्रगण्य शास्त्रज्ञांपैकीं एक. केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे माजी प्रमुख. कापराचें नृत्य थांबविण्यास तेलाचा किती जाड थर लागतो, याचें माप त्यांनीं 1890 सालीं प्रसिद्ध केलें होतें. ज्या वाटेनें आपण इतकीं वर्षें एकटेंच चाललों, त्याच वाटेवर एवढा थोर पुरुष आतां येऊन पोंचला आहे, हें पाहून बाईंस धीर आला. 10 जानेवारी 1891 रोजीं त्यांनीं रॅले यांस जर्मन भाषेंत एक पत्र लिहिलें. कांहीं कारणांमुळें आपणांस हें काम शास्त्रीय मासिकांत छापवितां येत नाहीं, म्हणून तें आपणांस कळवितें, अशा आशयाची विनम्र प्रस्तावना करून त्यांनीं आपलें उपकरण व निष्कर्ष सविस्तर मांडले. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावीस वर्षांचें होतें.

आतां येथें रॅले यांच्या थोरपणाची कसोटी होती. अपरिचित बाईचें, परभाषेंतील, पदवीविना लिहिलेलें पत्र; तें बाजूस सारलें असतें तर कोणीं दोष दिला नसता. त्यांतील युक्ति मुकाट्यानें आपल्या प्रयोगांत उचलली असती तरी कोणास कळलें नसतें. परंतु रॅले यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांच्या पत्नीनें पत्राचें इंग्रजी भाषांतर केलें आणि मार्चच्या आरंभीं रॅले यांनीं तें 'नेचर' ह्या विख्यात साप्ताहिकाच्या संपादकांकडे धाडून दिलें. सोबत त्यांनीं अशी शिफारस केली कीं, ह्या जर्मन बाईंनीं अगदीं साध्या घरगुती साधनांनीं मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, तरी त्यांस जागा द्यावी. 12 मार्च 1891 च्या अंकांत तो लेख 'पृष्ठताण' ह्या मथळ्याखालीं अग्नेस पॉकेल्स ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या श्रमाचें श्रेय ज्याचें त्यास देणें, ही गोष्ट सांगावयास सोपी व आचरावयास कठीण आहे. रॅले यांनीं ती आचरून दाखविली.

ह्यानंतर अग्नेसबाईंचे आणखी निबंध 'नेचर'मध्यें व जर्मन मासिकांत प्रसिद्ध होत गेले. त्यांनीं भरती-ओहोटीवरील जॉर्ज डार्विन यांच्या ग्रंथाचा जर्मन अनुवादहि केला. तो 1902 सालीं निघाला. परंतु घरचीं कर्तव्यें सुटलीं नाहींत. आईबापांचें दुखणें वाढत चाललें तसतसा प्रयोगांसाठीं वेळ कमी कमी मिळूं लागला. 1913 सालीं भाऊ वारला आणि शास्त्रीय जगाशीं त्यांस जोडणारा मुख्य दुवा तुटला. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. त्या धामधुमींत व त्यानंतरच्या हलाखींत त्यांचें संशोधन मंदावलें.

त्यांनीं पेरलेलें बीं मात्र वायां गेलें नाहीं. 1899 सालीं रॅले यांनीं असें अनुमान काढलें कीं, पॉकेल्सबाईंना आढळलेल्या सीमेवर तेलाचा थर एकाच रेणूइतका जाड असला पाहिजे. ही जाडी एका मिलिमीटराच्या सुमारें दहालक्षांशाएवढी भरते. 1917 सालीं अमेरिकेंतील आयर्व्हिंग लँगम्यूर यांनीं त्याच सरकत्या पट्टीच्या पात्रांत सुधारणा करून तेलाचे रेणु पाण्यावर कसे उभे राहतात हें दाखविलें: रेणूचें एक टोंक पाण्यास आवडतें, तें पाण्यांत, दुसरी लांब शेपटी पाण्यास नकोशी, ती वर हवेंत. पृष्ठभागांच्या रसायनावरील ह्या कार्यासाठीं लँगम्यूर यांस 1932 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अग्नेसबाईंस तें पारितोषिक मिळालें नाहीं; तथापि त्यांचा अगदींच विसर पडला असें नाहीं. 1931 सालीं जर्मनींतील कोलॉइड संस्थेनें त्यांस आंरी देव्हो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाबरोबर लॉरा लेओनार्ड पारितोषिक दिलें, आणि 1932 सालीं, त्यांच्या वयाच्या सत्तराव्या वर्षीं, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयानें त्यांस सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. ज्या गांवीं मुलगी म्हणून शिक्षण थांबलें होतें, त्याच गांवीं पन्नास वर्षांनीं ही पदवी घरीं चालत आली. 21 नोव्हेंबर 1935 रोजीं त्याच गांवीं त्यांचा अंत झाला.

आज त्यांच्या विद्येचा उपयोग कोठें होतो, हें जाणण्याची जिज्ञासा वाचकांस असेल. एकच उदाहरण देतों. मीठ वितळविण्यास आठशें अंशांची उष्णता लागते हें आपणांस ठाऊक आहे. परंतु नेहमींच्या हवेंतहि पाण्यासारखे पातळ राहणारे क्षार आहेत. असा एक क्षार, ज्याचा वितळबिंदु अवघा 12 अंश आहे, पाउल वाल्डेन यांनीं 1914 सालीं वर्णिला. अशा द्रवांस आतां आयनी द्रव म्हणतात. कारण ते सर्वस्वी विद्युत्भारित कणांचे, म्हणजे आयनांचे, बनलेले असतात. त्यांची वाफ सहसा होत नाहीं, म्हणून कारखान्यांतील उडून जाणाऱ्या द्रावकांऐवजीं ते वापरतां येतील काय, याचा शोध जगभर चालू आहे. ह्या द्रवांच्या पृष्ठभागींहि तोच देखावा दिसतो. ज्या आयनांस लांब शेपटी असते, ते ती हवेकडे करून उभे राहतात. शेपटी लांब तसा पृष्ठताण कमी. आणि ह्या मापनांतील मोठी अडचणहि तीच जुनी आहे: द्रवांत किंचित् मळ अथवा ओलावा राहिला कीं आंकडे बिघडतात. नवीं यंत्रें आलीं, नवे द्रव आले. परंतु आधीं पृष्ठभाग निर्मळ करा, मग मोजा, हा ब्राउनश्वाइगच्या त्या घरांतील धडा जुना झालेला नाहीं.

ह्या चरित्रापासून एक सोपें तात्पर्य काढण्याचा मोह होईल. तें असें कीं, पाहा, शाळा-कॉलेजावांचूनहि बुद्धिमान् माणूस पुढें येतोच; मग मुलींच्या शिक्षणाची एवढी उठाठेव कशाला? आम्हांस हें तात्पर्य मान्य नाहीं. विसाव्या वर्षीं जी मुलगी एवढें करूं शकली तिला गुरु, ग्रंथालय व सहकारी लाभले असते तर काय झालें असतें, याचा हिशेब कोणत्याहि तराजूनें होणार नाहीं. तिचा शोध सुमारें दहा वर्षें वह्यांत पडून राहिला, तो तिच्या दोषानें नव्हे. एक थोर मनाचा परका गृहस्थ भेटला म्हणून तो उजेडांत आला; न भेटलेल्या किती जणी असतील! आईबापांची सेवा अग्नेसबाईंनीं मनोभावें केली, तीबद्दल त्यांस जितका मान द्यावा तितका थोडाच. पण सेवा व विद्या यांतून एकच निवड, असा पेंच मुलीपुढेंच टाकावा आणि मुलापुढें टाकूं नये, ह्यांत न्याय नाहीं. पालकांनीं ह्या गोष्टीचा शांतपणें विचार करावा अशी आमची विनंति आहे.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें निराळें आहे. साधनें नाहींत म्हणून अभ्यास अडला, ही तक्रार करण्यापूर्वीं त्या पत्र्याच्या पात्राचें स्मरण करा. घरांतील परात, वाटी, कापूर, तेल, हीं साधनें तुमच्याजवळहि आहेत. एकच प्रयोग पुन्हां पुन्हां करणें, दरवेळीं आधीं पाणी स्वच्छ करून घेणें, जें दिसलें तेंच वहींत लिहिणें आणि दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देणें, ह्या चार गोष्टी ज्यास साधल्या, तो शास्त्राच्या मंदिराच्या दाराशीं पोंचला असें समजावें. तें दार त्याच्यासाठीं व तिच्यासाठींहि उघडें ठेवणें, हें मात्र आम्हां वडील माणसांचें काम आहे.